शुक्रवारी न छापलेला कागद

ही चूक दुसऱ्याच्या माथी मारायचा मी फार प्रयत्न केला.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होते. ऑफिसने भंगारात काढलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मी रिक्षात घालून घरी आणला. उल्हासनगरातून जुने पार्ट गोळा करून कॉम्प्युटर जोडून घेतला होता, त्यात मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं लिनक्स टाकलं. दुकानदार हसला होता. "मॅडम, विंडोज डाल के देता हूँ ना. ये काली स्क्रीन घर में किसको समझेगी?" मला ती काळी स्क्रीनच हवी होती. तिच्यावर 'कॅलेंडर' एवढा एकच शब्द टाइप केला की मी फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आजच्या आणि उद्याच्या नोंदी समोर यायच्या. त्या मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी छापायचे.

हे जमायलाही आठवडा गेला. तारखेनंतर टॅबचं बटण दाबायचं असतं. मी स्पेस देत होते आणि मशिन माझ्या ओळी गिळून ढेकरही देत नव्हतं. चूक काय ते सांगायचंही नाही, नुसतं गप्प बसायचं. संतापाने मी की-बोर्ड आपटला होता.

एवढा आटापिटा पप्पांच्या डोळ्यासाठी होता. शुगरमुळे त्यांच्या डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरायला लागलं होतं. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात लेझरसाठी तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली, शनिवारची. आठच्या आत खिडकीवर केसपेपर द्यायचा. "तारीख चुकवू नका, डोळा थांबणार नाही," डॉक्टर म्हणाले होते.

आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करायची. मी ते बंद करायला लावलं. "तुझ्या मशिनला लाइट लागते बाई, माझ्या पेन्सिलीला नाही," ती म्हणाली. पप्पांचा मात्र माझ्यावर विश्वास. कागद निघाला की कडेच्या भोकांच्या पट्ट्या ते नीट फाडायचे, उजव्या डोळ्यासमोर धरून वाचायचे आणि खिळ्याला अडकवायचे. सुरुवातीला रोज विचारायचे, लेझर कधी? एकदा मी वैतागून म्हटलं, "पप्पा, दिवस आला की कागदावर येईल. सारखं विचारू नका." मग त्यांनी विचारायचं सोडलं.

आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी दुरुस्तीसाठी सकाळपासून घरचीही लाइट बंद. मी हिशेब केला, शुक्रवारच्या नोंदी गुरुवारच्या कागदात येतातच, शनिवारच्या शनिवारी येतील. शुक्रवारी छापायचं काही अडत नाही. आणि खरंच, कित्येक आठवडे काही अडलं नाही.

त्या शनिवारी मी सातला उठले. पप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसले होते.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही गं. बसलोय असाच."

मी मशिन चालू केलं, प्रिंटर कुरकुरला, आणि पहिलीच ओळ लेझरची आली.

धावतपळत निघालो तरी पोचायला दहा वाजले. खिडकी बंद झाली होती. नवी तारीख सात आठवड्यांनंतरची. मी तिथेच, लोकांच्या समोर, पप्पांवर ओरडले. "तुम्हाला माहीत होतं ना? मग मला उठवलं का नाही?"

"परवाच्या कागदापर्यंत लेझरचं काही आलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तू फोन करून तारीख बदलून घेतली असशील."

घरी येऊन मी त्या प्रोग्रॅमची माहिती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. शुक्रवारी तो थेट सोमवारपर्यंतच्या नोंदी देतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचा आठवडा शुक्रवारी संपत होता, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे शनिवारची आठवण देणारा कागद शुक्रवारचाच, आणि नेमका तोच मी कधी छापत नव्हते. पुढचे कितीतरी दिवस मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. लाइटवाल्यांना घातल्या. पप्पांच्या गप्प बसण्यालाही घातल्या. राग काही केल्या उतरत नव्हता.

सात आठवड्यांनी आम्ही पहाटेच निघालो, खिडकीवर पहिले होतो. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्यावर उजेड मारला, बोटं नाचवली. पप्पा समोर बघत राहिले. डॉक्टरांनी केसपेपर उलटून पाहिला आणि आवाज चढवला. "मागची तारीख होती की! का आला नाहीत? आता या डोळ्यात काय करू मी?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी पप्पा बोलले.

"मीच विसरलो, साहेब. वय झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली.