सगीरभाईंचा लंगडा लूम

माझं लग्न बारा एकविसाच्या मुहूर्तावर लागलं, हे आमच्या घरात आजही चमत्कार म्हणून सांगितलं जातं. त्या चमत्काराला एक नादुरुस्त लूम, म्हणजे यंत्रमाग, कारणीभूत होता. पण आधी चिंतामणकाकाबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशीचा सगळा घोळ त्याचा होता. आणि खरं सांगायचं तर थोडा आमचाही होता.

चिंतामणकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांना आम्ही मुलं, काका आणि सगळी कासार आळी 'भाऊ'च म्हणायची. भाऊ शाळेत मुख्याध्यापक. घरातही घंटा वाजल्यासारखे बोलायचे. काका सडाफटिंग. तो एका वकिलाकडे कारकून होता. चौऱ्याऐंशी साली एका सकाळी "वकील फार खोटं बोलतात" असं म्हणून त्यानं नोकरी सोडली. एकोणीस वर्षं त्याच वकिलाकडे काढल्यावर हा शोध आत्ता कसा लागला, असं माईनं, म्हणजे माझ्या आईनं, विचारलं. काका म्हणाला, "वहिनी, उशिरा का होईना, लागला ना." त्या दिवसापासून तो पूर्णवेळ भिवंडीकर झाला.

म्हणजे काय, तर सकाळी नऊला चहा-पोळी खाऊन तो एसटी स्टँडजवळच्या टपरीवर जाऊन बसायचा. बाहेरगावचा कुणी पत्त्याचा कागद घेऊन उतरला की टपरीवाला काकाकडे बोट दाखवायचा. भिवंडीतले पत्ते तेव्हा 'अमक्याच्या कारखान्यामागे, तमक्याच्या गोदामासमोर' असे असायचे, आणि अमके-तमके गल्लीगल्लीत होते. काका नुसता पत्ता सांगून मोकळा होत नसे. माणसाला दारापर्यंत पोचवायचा, कडी वाजवायचा, आत जायचा, चहा प्यायचा आणि त्या चाळीतल्या नळावरच्या भांडणाचा निवाडा करूनच परत यायचा. तीन गणपती मंडळं आणि कव्वालीची एक कमिटी, अशा चार ठिकाणी तो उपाध्यक्ष होता. अध्यक्ष कुठेच नव्हता. अध्यक्षाला कागदावर सह्या कराव्या लागतात, म्हणायचा.

"नीले," तो मला सांगायचा, "भिवंडीत पत्ता डोळ्यांनी शोधायचा नसतो, कानांनी शोधायचा." आणि खरंच, प्रत्येक कारखान्याची खटखट त्याला वेगळी ओळखू यायची. कुणाचे लूम जुने, कुणाचा पट्टा सैल, सुताला खळ देणाऱ्या कुठल्या सायझिंगमध्ये वाफ सुस्कारे टाकते, सगळं त्याला पाठ. त्यातला त्याचा लाडका म्हणजे नारपोलीतल्या सगीरभाई मोमीन यांच्या कारखान्यातला खिडकीजवळचा लूम. तो तीन ठोके नीट टाकायचा आणि चौथा खायचा. काका त्याला 'लंगडा' म्हणायचा. "लंगडा ऐकू आला की उजवीकडे वळायचं," तो सांगायचा, जसं काही तो सरकारी खुणेचा दगड असावा.

असे त्याचे बरेच चाळे होते. पेपर तो स्वतः कधी वाचायचा नाही. उच्चार सुधारतात म्हणून मला मोठ्यानं वाचायला लावायचा. एकदा दारातल्या सायकलवर भाऊंचा कोट वाळत घातला होता. काकानं त्या सायकलला "या, बसा, भाऊ येतीलच इतक्यात" असं म्हटलं आणि आत येऊन पाहुणा आल्याची वर्दी दिली. आम्ही पोट धरून हसलो. आणि शुक्रवारी तो घराचा उंबरा ओलांडायचा नाही. व्रत आहे म्हणायचा. कुठल्या देवाचं, असं विचारलं तर म्हणायचा, "आता कुठल्या देवाचं म्हणून सांगू?" आणि पानात वाढलेली कांदाभजी संपवायचा.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं. मुलगा पेणचा, सुधीर. मुहूर्त निघाला शुक्रवारचा. काका आयुष्यात कधी कुणाशी भांडला नव्हता, तो गुरुजींशी भांडला. "शुक्रवार नको. शुक्रवार वाईट." गुरुजी म्हणाले, "अहो, लक्ष्मीचा वार." शेवटी भाऊ कडाडले. "चिंत्या, तुझं भज्यांचं व्रत एक दिवस मोड. आणि ऐक, वऱ्हाड हॉलवर आणायचं काम तुझं. गल्लीत एसटी शिरत नाही, अंजूरफाट्याशी उतरवून घ्यायचं आणि चालत आणायचं. सगळी भिवंडी तुझ्या मागनं चालते, माझ्या व्याह्यांना दहा मिनिटं चालवता येणार नाही?"

काकानं बाहेरची खटखट कान देऊन ऐकली. मग म्हणाला, "येईल."

त्या क्षणी आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही की शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. आम्हांला आठवडाभर ती खटखट नकोशी व्हायची, शुक्रवारी बरं वाटायचं, इतकंच.

पुढचं मी बघितलेलं नाही, सुधीरनं सांगितलेलं आहे. मी तेव्हा हॉलमध्ये शालू नेसून घामानं निथळत होते.

एसटी साडेदहाला फाट्यावर आली. काका रिक्षानं आधीच येऊन उभा होता. चाळीस माणसं उतरली. सुधीरला मुंडावळ्या बांधलेल्या, आणि शेजारी त्याचे अनंतामामा, हातात घड्याळ धरून. या मामांनी पेणहून निघतानाच जाहीर केलं होतं की मुहूर्त चुकला तर पोरगा परत त्याच गाडीत बसेल. त्यांच्या घराण्यात मुहूर्त चुकवून लग्न लागलेलं नाही. काकानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, "चला" म्हणाला आणि निघाला. पहिली शंभर पावलं झोकात गेली. मग तो थांबला, मान तिरकी केली आणि ऐकू लागला. एक कावळा ओरडला.

"हे बघा," काका म्हणाला, "हा इथला फार जुना कारखाना." वऱ्हाडानं बंद शटरकडे आदरानं पाहिलं. मग डावीकडे वळले, मग उजवीकडे, आणि आणखी एक फार जुना कारखाना बघितला. पावणेअकराला ते एका चहाच्या टपरीवरून गेले. अकराला पुन्हा त्याच टपरीवरून. सव्वाअकराला टपरीवाल्यानं चाळीस कप मांडायला घेतले.

अनंतामामांनी एका पोऱ्याला गाठून हॉल कुठे, असं विचारलं. त्यानं काकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चिंतामणकाका साथ में हैं ना? फिर मुझसे काय को पूछते हो?" दुसऱ्यानं तर कानाला हात लावले. "काका के सामने मैं रस्ता बताऊँ? लोग हँसेंगे." ज्याला विचारावं तो हसून, सलाम करून पुढे जायचा. काका कुणाला उगाच फिरवणार नाही, काहीतरी बेत असेल, अशी सगळ्यांची खात्री होती. अब्रू एवढी मोठी होऊन बसली होती की रस्ता सांगायला माणूस मिळेना.

साडेअकराला काका वऱ्हाडाला घेऊन एका अंगणात शिरला. तिथे मांडव होता, रांगोळी होती, बायका नटलेल्या होत्या. वऱ्हाडानं सुटकेचा निःश्वास टाकला. ते गोदूबाई पाटलिणीच्या नातवाचं बारसं निघालं. काकानं बाजी सावरायला पाहिली. "म्हटलं, वाटेत बाळाला आशीर्वाद देऊन जाऊ." गोदूबाई हरखली. "नवरदेव आपल्या पायानी दारात आलाय," ती म्हणाली. "आता पोराला मांडीव घेतल्याबिगर जाऊ देनार न्हाय." म्हणून सुधीर मुंडावळ्यांसकट पाटावर बसला, मांडीवर बाळ घेतलं, आणि बाळानं जे करायचं ते केलं. वरमाईच्या ओंजळीत घुगऱ्या पडल्या. लग्नाआधी मुलाच्या मांडीवर मूल, हे बघून त्याची आत्या मटकन खालीच बसली. अनंतामामा म्हणाले, "बारा वाजायला दहा कमी."

बाहेर पडल्यावर एका तिठ्यावर काका उभा राहिला तो हलेचना. सुधीर जवळ गेला. काकाच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

"जावईबापू," काका हळू आवाजात म्हणाला, "समोर भिंत आहे का रस्ता?"

समोर लख्ख ऊन पडलेला रस्ता होता. सुधीरला काय ते कळलं. "काका, तुम्हांला दिसत नाही?"

"उजेड दिसतो. सावल्या हलतात त्या कळतात. माणूस आहे का खांब आहे ते तो बोलल्यावर ठरवतो. शुक्रवारी लूम नसतात हो. शुक्रवारी मला भिवंडीच नसते." मग त्यानं सुधीरचा हात धरला. "नीलीचं लग्न माझ्यापायी मोडलं तर मी कुठे तोंड दाखवू? तुम्ही सांगू नका भाऊला. मला घरात बसवतील."

सुधीर म्हणतो, त्याला त्या वेळी मुहूर्ताचं काही वाटेनासं झालं होतं, या माणसाला कसं वाचवावं एवढंच डोक्यात होतं. माझ्या नवऱ्यावर मी आयुष्यात पुष्कळ चिडले आहे, पण हे वाक्य आठवलं की राग अर्ध्यावर येतो.

इकडे तो पहिला पोऱ्या घरी जाता जाता सगीरभाईंच्या दारात बोलून गेला होता, की चिंतामणकाका बारात घेऊन फिरतायत. सगीरभाई आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, जुम्म्याच्या नमाजाच्या तयारीत होते. "आज?" ते म्हणाले. "जुम्मे के दिन?" आणि हातातली अत्तराची कुपी तशीच ठेवून कारखान्याकडे धावले. कुलूप उघडलं, खटका दाबला आणि सुट्टीच्या दिवशी, सुतावाचून, एकटाच लूम चालू केला.

त्या चिडीचूप नारपोलीत तीन ठोके पडले आणि चौथा पडला नाही.

काकाची मान वर आली. "सगीरचा लंगडा," तो म्हणाला. आणि सुधीरचा हात सोडून असा सुटला की अनंतामामांना टोपी हातात घेऊन पळावं लागलं. लंगड्यापाशी उजवीकडे, मग सरळ हॉल. बारा एकोणीसला नवरदेव बोहल्याशी होता. त्याच्या धोतराला कसला वास येतो आहे, हे मी अंतरपाटाआडून विचारणार होते, पण गुरुजींनी सुरुवात केली.

अक्षता पडून बाकीचे विधी आटोपल्यावर भाऊंनी काकाला कोपऱ्यात घेतलं. "दहा मिनिटांच्या रस्त्याला पावणेदोन तास? दारू प्यायलास का?" सुधीर काही बोलणार, तेवढ्यात नमाज आटोपून सगीरभाई आले. जेवायला बोलावलेलंच होतं त्यांना. कपड्यांना वंगणाचे डाग.

"मास्टरजी, इनको मत बोलो," ते म्हणाले. "तीन साल पहले डॉक्टर के पास मैं ही ले गया था, ठाणे. काचबिंदू है, जो गया वो वापस नहीं आता. घर पे बोलने को मना किये थे." मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "जॉबर मिस्त्री तो हर महीने बोलता है, सेठ, एक पुर्जा बदल दूँ, लूम सीधा चलेगा. मैं हाथ लगाने नहीं देता. सीधा हो गया तो ये मुड़ेंगे कहाँ से?"

त्या लूमवर तीन वर्षं कापड खराब निघत होतं. काकाला दिसत नाही हे स्टँडजवळच्या टपरीवाल्याला माहीत होतं, कव्वालीच्या कमिटीला माहीत होतं, स्टँडवरच्या हमालांना माहीत होतं. ते काका येताना आपणहून खाकरायचे. अर्ध्या भिवंडीला माहीत होतं. ज्या घरात तो रोज जेवत होता, तिथे आम्ही सायकलवर हसत होतो. मला माझी फार लाज वाटली, आणि शालूत रडायचं नसतं हे माईनं सांगितलेलं असूनही मी रडले.

पंगतीत भाऊ काकाच्या शेजारी बसले. वाढपी पुढे गेल्यावर काकानं विचारलं, "भाऊ, उद्यापासून घरात बसू का?"

भाऊंनी त्याच्या पानातली जिलबी त्याच्या बोटांजवळ सरकवली. "उद्या शनिवार," ते म्हणाले. "लूम चालू असतात."

काका पुढे नऊ वर्षं भिवंडीभर फिरला. गणपती मंडळांची उपाध्यक्षपदं तीनाची पाच झाली. व्रत मात्र सुटलं. मी माहेरी गेले की शुक्रवारची ती वरात मला हमखास दिसायची. पुढे आमचे भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, छत्रीच्या टोकानं रस्त्यावर तीन ठोके टाकत आणि चौथा खात चाललेले; मागे चार पावलांवर काका, आणि त्याच्या मागे पत्त्याचा कागद घेतलेला कुणीतरी गोंधळलेला पाहुणा. लोक थांबून बघायचे, भाऊ कुणाकडे बघायचे नाहीत.

"भाऊ," मागून काका ओरडायचा, "सगीरचा असा नाही वाजत."