एका मार्कानं मोडलेलं स्थळ

माझ्या भाचीचं जमत आलेलं लग्न मी एका मार्कानं मोडलं. माणसं हुंड्यावरून, पत्रिकेवरून, नाहीतर मानपानावरून लग्नं मोडतात. मी ते अमेरिकेतल्या दोन रॅपवाल्यांवरून मोडलं, आणि त्या दोघांची नावं मला आजही धड सांगता येत नाहीत.

माझा गुन्हा समजायचा तर आधी माझी खोड सांगावी लागेल. अचलपूरच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो. त्यामुळे दोन माणसं वाद घालताना दिसली की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. एकदा अंजनगावच्या भाजीबाजारात दोन बाया भांडत होत्या, तर मी मध्ये जाऊन एकीला सांगितलं, मुद्दा चांगला आहे पण वेळेचं भान नाही. (दोघींची तिथल्या तिथं दिलजमाई झाली आणि मग दोघी माझ्याकडे वळल्या.)

तर, अमरावतीला माझ्या धाकट्या बहिणीकडे, पुष्पाकडे, अकोल्याहून पाहुणे आले होते. भाची रेवती एका दवाखान्यात लोकांना गुडघ्याचे व्यायाम शिकवते. आधीची पाच स्थळं तिनं चहा निवायच्या आत परत पाठवली होती. हा सहावा मुलगा निखिल, कृषी खात्यात नोकरीला. सोबत त्याची आई आणि मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्या घरात शेवटचा शब्द मोठेबाबांचा. निखिल पोह्यांकडे बघत इतका गप्प बसला होता की मला वाटलं, हेही गेलं.

मग रेवतीनं विचारलं, फावल्या वेळात काय करता? तो हळूच म्हणाला, रॅप ऐकतो. तिनं कप खाली ठेवला. पाचच मिनिटांत दोघं वादाला लागले. रॅपची गाणी काढणाऱ्या कंपन्या ज्यांनी शून्यातून उभ्या केल्या, त्यांच्यात सगळ्यात भारी कहाणी कोणाची? रेवतीच्या माणसाला म्हणे कोणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या कॅसेटी गाडीच्या डिकीत टाकून गल्लोगल्ली विकत फिरला. (आमच्याकडे संत्रीवाले हेच करतात, पण त्यांच्यावर कोणी वाद घालत नाही.) निखिलचा माणूस लाँड्रीत कामाला होता आणि धुण्याच्या मशीनमागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायचा. कंपनी काढली, सगळं बुडालं, तर त्याच खोलीतून पुन्हा सुरू केलं. ती म्हणे, पहिल्यांदा उभं राहणं कठीण. तो म्हणे, पडल्यावर दुसऱ्यांदा. हसत काय होते, एकमेकांचं बोलणं तोडत काय होते! निखिलची आई पुष्पाच्या कानाशी म्हणाली, "आमचा निखिल इतका बोलते, हे मले आज समजलं."

पुष्पानं मला खूण केली. आत ताटात श्रीफळ आणि दुपट्टा-टोपी तयार होती. होकार मिळाला की मुलाला द्यायची आणि लगेच साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची, असं ठरलं होतं. मी ताट आणलं. शहाण्या माणसानं तिथंच थांबायचं असतं. पण माझ्या खिशात कागद होता, आणि त्यावर मी केव्हाच दोघांना मार्क देऊन बसलो होतो. मांडणी, मुद्दे, आवाज, वेळेचं भान, प्रत्येकी दहा. मी चमचा ग्लासवर आपटला. टण्ण!

"रेवती बत्तीस," मी जाहीर केलं. "निखिलराव एकतीस. मांडणी उत्तम, पण आवाज जरा पडला."

एवढ्यावरही भागलं असतं. पण मी ताटातलं श्रीफळ त्याच्या हातात दिलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणालो, "उत्तेजनार्थ!"

निखिल हसला बिचारा. रेवतीही हसली. मोठेबाबा हसले नाहीत. त्यांनी पुतण्याच्या डोक्यावरची टोपी काढली, घडी करून ताटात ठेवली आणि अकोल्याची गाडी किती वाजता आहे, असं विचारलं. (ते स्वतःच्या गाडीनं आले होते.)

तिसऱ्या दिवशी मोठेबाबांचा फोन आला. निस्तरायला म्हणून मी अमरावतीतच थांबलो होतो, तेव्हा उचललाही मीच. गंमत होती म्हणालो, म्हाताऱ्याची खोड म्हणालो, शेवटी माफी मागितली. मोठेबाबा चिडलेले नव्हते, तेच वाईट झालं.

"मास्तर, तुमी तीस वर्सं पोरं पारखली," ते म्हणाले. "तुमीच चार लोकांत सांगतलं का पोरगी वरचढ आहे. वरचढ सून आमाले कशी झेपन?"

उभ्या आयुष्यात माझा निकाल कोणी इतका मनावर घेतला नव्हता.

निखिल म्हणे घरी दोन महिने वाद घालत होता. पण तिथले परीक्षक मोठेबाबा. मागच्या उन्हाळ्यात त्याचं दुसरीकडे लग्न झालं. रेवती मला एका शब्दानं बोलली नाही, फक्त तिनं घरात रॅप लावणं बंद केलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

यंदा दिवाळीच्या सफाईत जुन्या कोटात तो कागद सापडला. सवयीनं बेरीज केली. रेवती आठ, नऊ, आठ, सात: बत्तीस. निखिल नऊ, आठ, सात, आठ: बत्तीस. पुन्हा केली. बत्तीसच! त्या दिवशी मी सात आणि आठ चौदा धरले होते. तीस वर्षं गणित शिकवलं, बाप्पा!

तशीच अमरावतीची एसटी पकडली. आता जाऊन काय दुरुस्त होणार होतं, देव जाणे. पण निकाल चुकला तर तो सुधारून सांगायचा असतो, एवढंच मला येतं. रेवतीनं कागद वाचला, दोनदा वाचला.

"मामाजी," ती म्हणाली, "बरोबरी तं तिथं बसलेल्या सगळ्यांले दिसून राहिली होती. तुमालेच बेरीज करा लागली."

मला रडू आलं. मग चहा तिनंच केला आणि माझी समजूतही तिनंच घातली. निघताना तिनं लाल पेनानं त्या कागदावर काहीतरी लिहिलं, घडी केली आणि माझ्या खिशात ठेवली. मी ती एसटीत उघडली. माझ्या सहीखाली लिहिलं होतं: "परीक्षक, दहापैकी दोन. आवाज चांगला."

अचलपूर येईपर्यंत मी ते मार्क तीनदा तपासले. चूक काही सापडली नाही.