परतीच्या खुणा

ओताकार द्रापेलाला गावात सगळे रंगारी म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती. तेहेतीस वर्षं तो कापडगिरणीत मागावर उभा राहिला, ते कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिला तो शनिवारी खांद्याला रंगाचे डबे अडकवून टेकड्या चढणारा माणूस. गावातल्या संत अॅनाच्या चॅपेलपासून निघायचं, संत याकुबच्या चर्चवरून शारोवच्या पडक्या किल्ल्यापर्यंत जायचं, अशी ही पायवाट. तिच्यावरच्या खुणा ओताच्या. पांढरा पट्टा, लाल पट्टा, पुन्हा पांढरा. तळहाताएवढी खूण, कधी झाडावर, कधी कुंपणाच्या खांबावर, एक तर यानाकच्या गोठ्याच्या भिंतीवरसुद्धा. सेहेचाळीस वर्षं त्याने हे फुकटात केलं. डोंगर भटकणाऱ्यांच्या क्लबाकडून रंग मिळे आणि अधूनमधून एखादा बिल्ला. बिल्ले त्याची बायको लिबुशे बटणांच्या डब्यात टाकायची.

या कामात एक गोष्ट पाळावीच लागते. खूण जाणाऱ्याची वेगळी आणि येणाऱ्याची वेगळी. खोडाच्या एका अंगाला काढलेली खूण परतणाऱ्याला दिसत नाही. म्हणून रंगाऱ्याने आधी शेवटपर्यंत जायचं, मग तोंड फिरवायचं, आणि ही वाट आपण जन्मात पाहिलेली नाही असं समजून परत यायचं. जिथे पाऊल अडखळेल तिथे खूण. नव्या मंडळींना शिकवताना ओता म्हणायचा, "जाणारा कसाही पोचतो रे. परतणाऱ्याची काळजी घ्या." हे तो एवढ्या पोटतिडकीने का सांगतो, ते माहीत असलेला एकच माणूस होता, त्याचा मेहुणा विलेम. तो चार वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून ती गोष्ट एकट्या ओताच्या पोटात होती.

गोष्ट अशी. ब्याऐंशी साली किल्ल्याखालची बीचची जुनी झाडं तोडली गेली आणि त्यांच्यावरच्या खुणा लाकडाबरोबर गेल्या. बंद पडलेल्या दगडाच्या खाणीला वळसा घालून वाट नव्याने आखायची होती. त्या काळात रंगही वेळेवर मिळत नसे. मिळाला तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. ओता आणि विलेम जाताना खुणा काढत वर पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते, बोटं गारठली होती, आणि खाली विलेमच्या अंगणात त्याच दिवशी डुक्कर कापलं होतं. गरम सूप आणि ताजी सॉसेजं वाट बघत होती.

"परतीच्या आता वसंतात करू," ओता म्हणाला. "नोव्हेंबरात कोण मरायला येतंय इथे?"

"आणि अहवाल?"

"अहवाल लिहायला काय, मी लिहितो."

त्याने तो विलेमच्याच टेबलावर, तुपकट बोटांनी लिहिला. छापील कागदावर ओळ होती, 'दोन्ही दिशा'. तिच्यापुढे त्याने 'पूर्ण' लिहिलं, खाली सही केली आणि आणखी एक सॉसेज घेतलं.

नऊ दिवसांनी यित्का सोबोत्कोवा नावाची बावीस वर्षांची मुलगी ब्रनो शहरातून एकटीच किल्ला बघायला आली. परतताना धुकं होतं. जिथे वाट डावीकडे वळते तिथे ती सरळ गेली, आणि सरळ खाणीचा कडा आहे. तिसऱ्या दिवशी सापडली. शोधणाऱ्यांत ओताही होता. तिला खाली नेलं आणि माणसं पांगली, तसा तो डबे घेऊन एकटा वर गेला आणि परतीच्या सगळ्या खुणा काढून आला. आठवड्याने पोलीस आले. खुणा होत्या, अहवाल होता, रंग दोन्हीकडचा ताजाच होता. मुलगी बेसावध होती, असं ठरलं.

दुसऱ्या वर्षी मेलेल्यांच्या दिवशी, सगळा मुलूख कबरींवर दिवे लावत असताना, तिची आई गावात उतरली. मुलगी जिथवर पोचली होती तिथे, किल्ल्यात, दिवा लावायचा होता. वाट कोण दाखवेल, असं तिने विचारलं आणि गावाने बोट दाखवलं ते ओताकडेच. तेव्हापासून दर वर्षी तोच तिला वर न्यायचा. दर वर्षी ठरवायचा, आज सांगायचं. दर वर्षी हवापाण्याचं बोलून खाली उतरायचा. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत चाळीस वर्षं गेली.

आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं. किल्ल्याखालचं रान नव्या मालकाने घेतलं होतं. कुंपण घालणार, आत हरणं सोडणार, वाट रद्द. क्लबाचं पत्र आलं की खुणा महिन्याच्या आत पुसाव्यात. आणि रीत अशी, की ज्याने खूण काढली त्यानेच ती पुसायची.

मेलेल्यांच्या दिवशी सकाळी लिबुशे थर्मासमध्ये चहा भरत म्हणाली, "चाळीस वर्षं त्या बाईला डोंगर चढवतोयस. मला एकदा तरी नाचाला नेलंस?"

"तुझे पाय दुखतात."

"आत्ता दुखतात. तेव्हा कुठे दुखत होते?" मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचा सूर बदलला. "काय रे, बरं नाही का? चुन्यासारखा पांढरा पडलायस."

"काही नाही."

"काही नाही, काही नाही. तुझ्या थडग्यावर हेच कोरून घेते."

चॅपेलपाशी सोबोत्कोवाबाई बसमधून उतरल्या. वय पंच्याऐंशी, हातात काठी, पिशवीत लाल काचेतला दिवा. त्यांनी आधी त्याचा डबा बघितला.

"आज राखाडी रंग, द्रापेलासाहेब?"

त्याने पत्राचं सांगितलं. बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे माणसांना बंदी आणि हरणांना परवानगी. चला, माझे पाय आहेत तोवर जाऊन येऊ."

दोघं निघाली. बाईंची चाल आता इतकी मंद होती की ओताला घाई करायची गरजच नव्हती. खूण आली की बाई काठीवर रेलायच्या आणि तो खोडावर ब्रश फिरवायचा. पांढरा, लाल, पांढरा, वर राखाडी, की झाड पुन्हा झाडासारखं. परतीच्या खुणांना त्याने हात लावला नाही; त्या येताना पुसायच्या होत्या.

याकुबच्या चर्चबाहेर बाकावर बसून त्यांनी पावाला डुकराची चरबी लावली, वर कांदा ठेवला. चर्चला कुलूप होतं; पाद्री महिन्यातून एकदा येतो, तोही आला तर.

"यित्कालाही कांदा असाच लागायचा," बाई म्हणाल्या. "बसमध्ये शेजारची माणसं उठून जायची."

इथेच सांगावं, असं ओताच्या मनात आलं. घास गिळला की सांगतो, असं त्याने ठरवलं. घास गिळला, चहा पिऊन झाला, बाई उठल्यासुद्धा, आणि तो अजून तोंड पुसत होता.

किल्ल्याची एक भिंत आणि अर्धा बुरूज उरलाय. भिंतीतून गेल्या हिवाळ्यात आणखी दगड निखळले. बाईंनी आडोसा बघून दिवा लावला, हात जोडले नाहीत, काही पुटपुटल्या नाहीत. नुसत्या ज्योतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"सुरुवातीची दहा-बारा वर्षं मी इथे तिला रागावायलाच यायचे," त्या म्हणाल्या. "आदल्या रविवारी मी तिला फोनवर म्हटलं होतं, तुझं कशाकडे लक्ष नसतं, एक दिवस जीव गमावशील. आईने असं बोलावं का? मग बोललं खरं झालं म्हणून स्वतःवर राग. मग पुन्हा तिच्यावर. एवढ्या खुणा होत्या हो, झाडागणिक एक. नुसती मान वर केली असती तरी."

उतरताना ते वळण आलं. ओताने काढलेली परतीची पहिली खूण तिथल्या बीचच्या खोडावर होती. तेव्हा मांडीएवढं असलेलं ते झाड आता कवेत जेमतेम मावत होतं. त्याने डबा खाली ठेवला.

"बाई, ही खूण त्या दिवशी इथे नव्हती."

बाईंनी मान वळवली.

"परतीची एकही नव्हती. आम्ही वर जातानाच्या काढल्या आणि घरी पळालो. डुक्कर कापलं होतं म्हणून. विलेम विचारत होता, मीच म्हटलं राहू दे. तिला खाली नेल्यावर मी येऊन या काढल्या. तिने मान वर केली असेल. तिला काही दिसलंच नसेल. तिची काही चूक नव्हती, बाई. माझी होती."

बोलून झालं. चाळीस वर्षांचं ओझं, आणि सांगायला श्वासभर वेळ लागला. तो बाईंच्या शिव्यांची, काठीची, कशाचीही वाट बघत उभा राहिला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे हळूहळू भरून आले. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत घड्यांवर फाटत आलेला कागद होता. पोलिसांनी तेव्हा दिलेली अहवालाची प्रत. खाली ओताची सही.

"हा मी चाळीस वर्षं वाचतेय," त्या म्हणाल्या. "दोन्ही दिशा, पूर्ण. तेरा नोव्हेंबर. नऊ दिवस आधी."

"ते खोटं आहे. ते मीच खोटं लिहिलं."

"द्रापेलासाहेब." बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. हात थंडगार होता. "मघाशी मी रडगाणं गायले, ते तुम्हाला बघवलं नाही. म्हातारीला जाता जाता तेवढं तरी बरं वाटावं, हो ना? पण तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही हो. लगेच कळतं."

"बाई, देवाशपथ सांगतो..."

"देवाला मध्ये घालू नका. असा माणूस मला दर वर्षी भेटला, तेवढं पुरे आहे." त्यांनी कागदाची घडी नीट करून पाकिटात ठेवली. "ती वेंधळी होती. मी ते मान्य केलंय. आता नका मला परत पहिल्यापासून सुरू करायला लावू."

ओताने तोंड उघडलं. साक्षीला विलेम असता तर, असं त्याला वाटलं. पण विलेम संत अॅनाच्या मागे मातीत होता, आणि झाडावर ओताचीच खूण होती, आणि कागदावर ओताचीच सही. त्याने सगळं इतकं नीट केलं होतं की आता कुठेही फट नव्हती.

"पुसा आता," बाई दगडावर बसत म्हणाल्या. "नीट पुसा. अर्धवट राहिली तर उगाच कुणीतरी हिच्या मागोमाग यायचं."

त्याने ब्रश बुडवला. खूण काठापर्यंत झाकली. मग दोघं उतरत गेली. बाई त्याच्या दंडाला धरून, आणि तो प्रत्येक झाडापाशी थांबून. गावाबाहेर यानाकच्या गोठ्याची भिंत शेवटची. बस यायच्या आत तीही झाली. बाईंनी खिडकीतून हात हलवला. ओतानेही हलवला.

संध्याकाळी लिबुशेने टेबलावरची बशी उचलली आणि त्याने क्लबाचा कागद पुढे ओढला. इतक्या वर्षांत छापील कागद बदललेला नव्हता. वाट, तारीख, रंगाऱ्याचं नाव. 'दोन्ही दिशा' या ओळीवर तो बराच वेळ थांबला.

"काय अडलं रे?" लिबुशेने मोरीतून विचारलं. "सेहेचाळीस वर्षं तेच लिहितोयस."

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने 'पूर्ण' लिहिलं. या वेळी ते खरं होतं.