सभागृहाबाहेर गेलेले विश्वस्त

टोरोंटोजवळच्या आमच्या उपनगरातून शाळामंडळावर निवडून गेलेले ते विश्वस्त रविवारी मंदिरात येत. मी गीतेवर निरूपण करीत असे; ते संपण्यापूर्वीच पालक त्यांच्याभोवती जमत. प्रत्येकाची तक्रार ते आधी स्वतःच्या शब्दांत परत सांगत, “म्हणजे स्कूलबस रोज लेट येते, असंच ना?” आणि मगच उत्तर देत. इतक्या एकाग्रतेने माझे कोणी ऐकले नाही, हे शल्य मी मनात बाळगून होतो.

पुढे आमची छोटी शाळा बंद करण्याचा ठराव मंडळापुढे आला. माझी नात त्याच शाळेत होती. आम्ही सारे सभेला गेलो. शाळा बंद झाल्यास तिची जमीन विकली जाणार होती आणि विश्वस्तांचे घर तिच्या मैदानाला लागूनच होते. मतदानापूर्वी ते उठले, “यात माझा हितसंबंध आहे,” एवढेच बोलले आणि नियमानुसार सभागृहाबाहेर गेले. ठराव एका मताने संमत झाला.

पार्किंगमध्ये लोकांनी त्यांना घेरले.

“काका, तुम्ही थांबला असता तर मतं समसमान होऊन ठराव पडला असता! कुणी विचारणार होतं का तुम्हाला?”

“म्हणजे ऐन वेळी मी तुम्हाला सोडून गेलो, असंच ना?” ते म्हणाले. “खरं आहे.”

मी दूर, बर्फात उभा होतो. निःस्पृहतेवर मी इतकी वर्षे बोलत आलो. त्यापायी माझ्यावर कधी कोणी संतापले नव्हते. त्या संतापाचाही मला हेवा वाटला.