अक्काचे डाळिंबी रुमाल

भाचीचा फोन आला तेव्हा मी परळच्या ऑफिसात डबा खात होतो. "मामा, आई उठत नाहीये..." संध्याकाळपर्यंत अक्का, माझी मोठी बहीण, गेली होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणाले. आज दीड महिना झाला.

आमच्या घरात नाकाचा घोळणा सगळ्यांचाच फुटतो. वडिलांचा फुटायचा, अक्काचा, माझा. उष्ण प्रकृती, दुसरं काय. मला तर त्याचा थोडा अभिमानच होता. कोकणचं रक्त असं उसळतं, हे मी बायकोला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि तिच्या नव्या साडीवर सिद्धही करून दाखवलं. अक्काने यावर तोडगा काढला होता. दर गणपतीआधी ती हिंदमाताच्या कापडबाजारातून डाळिंबी कापड आणायची, लालबागच्या खोलीत मशीनवर रुमाल शिवायची आणि प्रत्येकाला सहा-सहा वाटायची. मी एकदा म्हटलं, "अगं, बाजारात पांढरे मिळतात की." मशीन न थांबवता म्हणाली, "पांढरो आपणाक नको रे बाबू. लोक भियतत."

त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचं नाकातून रक्त किती जायचं?" डाळिंबी कापडावर कुणाला काय दिसणार... मग त्यांची नजर माझ्या ओठांवरच्या, बोटांवरच्या लाल ठिपक्यांकडे गेली. ते मी इतकी वर्षं रूपाचं लेणं समजत होतो. त्यांनी समजावलं, की मोठ्या माणसाच्या शरीरातही नव्या रक्तवाहिन्या तयार होत असतात, जखम भरताना वगैरे. वाढायला सांगणारी जनुकं असतात, तशी 'आता थांब, भिंत पक्की कर' असं सांगणारीही असतात. "हे दुसरं सांगणं तुमच्या घरात बहुधा अपुरं पडतंय. वाहिन्या कच्च्याच राहतात. नाकात, फुप्फुसात, मेंदूतसुद्धा." कच्च्या भिंतीवर मजले चढवणारे बिल्डर मी लालबागमध्ये पुष्कळ पाहिले होते. माझ्याच नाकात एक निघाला.

"मुलांकडे जातं हे?" मी विचारलं.

"निम्मी शक्यता."

माझी मुग्धा एकोणीस वर्षांची आहे. तिचं, माझं आणि भाचीचं रक्त तपासणीला गेलंय, रिपोर्ट यायचाय. मुग्धा शिंकली तरी मी जेवणावरून उठतो. "बाबा, साधी सर्दी आहे हो," ती म्हणते. फोन वाजला की मी आधी चष्मा शोधतो, म्हणजे तेवढा वेळ जातो.

यंदाचे रुमाल अक्काने आधीच शिवून ठेवले होते. तेराव्यानंतर भाचीने आणून दिले. मी मुग्धासाठी मुद्दाम पांढरे डझनभर आणले, दिसू दे म्हटलं काय असेल ते. तिने ते कपाटात टाकले. "आत्याने शिवलेलेच वापरणार मी." आणि घोळणा फुटतो का, मी विचारलं. "कधीतरी, बाबा. थोडासाच."

काल धुवायच्या कपड्यांत त्यातला एक डाळिंबी रुमाल सापडला. उजेडात धरला, डाग कुठेच दिसेना. बरं वाटलं. मग उलगडायला गेलो, तर वाळून कडक झालेली घडी सुटेना.