माळावरचा पिवळा झेंडा

नोकरीतले खून आणि दरोडे आता एकमेकांत मिसळतात. मोटरसायकलच्या शर्यतीतला तो अपघात मात्र जसाच्या तसा आठवतो.

शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मांडवगण फराट्याकडच्या माळावर एका हौशी क्लबाने मातीच्या ट्रॅकवर शर्यत भरवली होती. उंचवट्यावरून गाडी हवेत उडवायची आणि पलीकडे उतरवायची, असा खेळ. परवानगी, ॲम्ब्युलन्स, बंदोबस्त, सगळं कागदोपत्री ठीक होतं. एका फेरीत दौंडचा स्वार, पेशाने मेकॅनिक, उंचवट्यापलीकडे घसरून पडला. मागून तळेगाव ढमढेऱ्याच्या एका बागायतदाराचा मुलगा उडी घेऊन आला आणि त्याची गाडी थेट पडलेल्याच्या मांडीवर उतरली.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, अपघात न्हाई तो. सकाळीच दोघांचं वाजलं हुतं. मुद्दाम गाडी घातली."

वाजलं होतं, हे खरं निघालं. दौंडवाल्याने टोमणा मारला होता, "उसाचा ट्रॅक्टर न्हाई भावा हा, बेतानं घे." तळेगावच्याने त्याची कॉलर धरली होती. त्यात एक मुसलमान, एक हिंदू. ठाण्याबाहेर दोन घोळके जमले. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा, असा एका बाजूचा धोशा होता. ते लागलं असतं तर तळेगावचं पोर आत गेलं असतं आणि बाहेरचं भांडण गावोगाव पसरलं असतं.

मी त्याला समोर बसवलं.

"वेग का वाढवलास?"

"आप्पांनी झेंडा हलवला, साहेब. म्हणून गॅस दिला."

"पिवळा झेंडा बघून गॅस देतात?"

"मला वाटलं, पळ म्हणत्यात."

मला ते खोटं वाटलं. आप्पा म्हणजे उंचवट्यावर झेंडा धरून उभे असलेले कवठे येमाईचे गृहस्थ. बैलगाड्यांच्या शर्यतींत त्यांची हयात गेली होती, म्हणून क्लबाने त्यांना बोलावलं होतं. त्यांचाही जबाब घेतला. "पोरगं पडलं की पिवळा हलवायचा, असं सांगितलं हुतं. हलवला. आता अजून काय करू?" दोघांचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते, आणि दोघांपैकी कुणी अडखळतही नव्हतं. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्तीचा तपशील देतो. या दोघांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांना ट्रॅकवर नेलं आणि तसाच झेंडा हलवायला सांगितलं. त्यांनी तो अंग मोडून, वर-खाली, बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांना चेव आणायला उपरणं हलवतात तसा हलवला. माझ्या शेजारचा हवालदार बैलगाडा मालकाच्या घरातला. त्याच्या तोंडून नकळत निघालं, "हाण, हाण!" मग ओशाळला.

कोडं तिथंच सुटलं. क्लबाच्या सचिवांना विचारलं, "हलता पिवळा झेंडा म्हणजे काय?"

"पुढं कुणीतरी पडलंय. वेग कमी करायचा, उडी घ्यायची नाही."

"हे या पोराला कुणी सांगितलं होतं? त्याची पहिलीच शर्यत होती."

"शर्यतीआधी सगळ्या स्वारांना एकत्र बसवून सांगतात. नियमच आहे."

"मग बसवलं होतं?"

सचिवांनी मान खाली घातली. "वेळच उरला नाही, साहेब. सत्कार लांबले."

मंचावर शाल-श्रीफळ घेणाऱ्यांत मीही होतो. भाषण सगळ्यात लांब माझंच झालं होतं. विषय होता सुरक्षितता.

मारण्याच्या हेतूचा प्रश्न निकालात निघाला. तळेगावचा मुलगा सुटला, निष्काळजीपणाची कारवाई आयोजकांवर झाली. अहवालात मी लिहिलं : वेळेअभावी स्वारांना सूचना देण्यात आल्या नाहीत. वेळ कुणी खाल्ला, ते लिहिलं नाही. सचिवही पुढं त्याबद्दल बोलले नाहीत. ठाणेदाराचं नाव कोण घेणार?

निवृत्तीनंतर मी दौंडला त्या मेकॅनिकच्या गॅरेजवर गेलो. पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. स्वतः गाडी चालवत नाही, मात्र आसपासच्या शर्यतींत स्वारांना झेंडे समजावून सांगायचं काम तोच करतो. तोवर मंचावर कुणालाही चढू देत नाही, असं ऐकलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. अहवालात काय लिहिलं नाही, तेही.

त्याने हात पुसत विचारलं, "साहेब, भाषणात मधीच टाळ्या पडल्या हुत्या, आठवतंय?"

आठवत होतं. त्या टाळ्यांनी मला हुरूप आला होता.

"त्या म्याच सुरू केल्या हुत्या. आवरा म्हणून." तो हसला. "तुम्ही अजून लांबवलं."

पस्तीस वर्षं माणसांचे चेहरे वाचून मी पोट भरलं. पण वर्दी घालून मंचावर उभं राहिलं की समोरचा काय सांगतोय ते ऐकू येत नाही, फक्त टाळ्या ऐकू येतात. या केसने मला एवढंच शिकवलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्याने मोजली.