बुडवलेल्या जहाजाचे दार

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि लिहिणाऱ्यांची क्षमा मागून सांगतो, त्यातल्या एकावरही माझा विश्वास नाही. वाचून झाले की गफलत नेमकी कुठे झाली असावी हे शोधत बसण्याची मला सवय आहे. अंधार, ताप, थकवा, ऐकीव गोष्ट... काही ना काही सापडतेच. त्यामुळे स्वतःचा अनुभव इथे पाठवताना संकोच वाटतो. पण आता मी वैतागलो आहे. घरचे, कारखान्यातले, नात्यातले, सगळे माझे कौतुक करतात. आणि मी हात जोडून सांगतो आहे की माझी चूक झाली, तर ते कोणी ऐकूनच घेत नाही. अनोळखी वाचक तरी ऐकतील, एवढ्या आशेने लिहितो.

मी बडोद्याचा. पणजोबा संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हापासून आमचे बिऱ्हाड दांडिया बाजारातच आहे. शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडे साफसफाईसाठी माणूस टाकीत उतरतो, तेव्हा वर मॅनहोलच्या तोंडाशी दुसरा माणूस उभा करावा लागतो. त्याचे काम एकच — जागा न सोडणे. चहा आला तरी नाही, साहेबाने हाक मारली तरी नाही. आत काही झाले तर ते सर्वांत आधी त्याला कळले पाहिजे. प्रत्येक नव्या तुकडीला मी हे गुजरातीत आणि हिंदीत घोकून घेतो. आत गेलेल्याचा हात धरायचा झाला तर तळवा धरू नका, मनगट धरा, म्हणजे घामाने निसटत नाही, हेही शिकवतो. ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की मुलगी लहान असताना रस्ता ओलांडतानाही मी तिचे मनगटच धरत असे.

ही मुलगी म्हणजे अनघा. आता नोकरी करते. स्कूबा डायव्हिंगची कल्पना तिची. "बाबा, तू दुसऱ्यांना टाक्यांमध्ये उतरवतोस, एकदा स्वतः उतर की," असे म्हणून तिने माझेही नाव घातले. आमच्या भागातल्या तरणतलावात धडे झाले. पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळे हातांच्या खुणा शिकाव्या लागतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'सगळे ठीक'. नुसता अंगठा वर केला की 'वर चला'. मी प्रत्येक वेळी 'ठीक आहे' म्हणून अंगठाच दाखवत असे, आणि शिकवणारे आमचे सर मला खांद्याला धरून वर आणत आणि ओरडत, "काका, अंगूठो नहीं! अंगूठो एटले उपर जवानुं!" शेवटच्या धड्यापर्यंत ही खूण मला एकदाही बरोबर जमली नाही. हे लक्षात ठेवावे अशी विनंती आहे.

कोकण किनाऱ्यालगत एक निवृत्त मालवाहू जहाज मुद्दाम बुडवून ठेवले आहे. त्यावर शेवाळ, शिंपले, प्रवाळ वाढावे, माशांना आसरा मिळावा आणि आमच्यासारख्यांनी ते पाहायला जावे, अशी योजना आहे. कोणत्या गावासमोर, ते लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांची चूल त्यावर पेटते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो. आमच्याबरोबर पाण्यात उतरणारा गाइड होता सुहास, आणि बोट चालवणारे तांडेल होते गणूदादा.

स्वच्छ, भर सकाळची वेळ होती. खाली मात्र पाणी हिरवट आणि धूसर. जहाजाचा डेक समोर आला तो एकदमच, एखादी गल्ली वळून गेल्यावर समोर भिंत यावी तसा. चालकाच्या खोलीला समोरासमोर दोन मोठी दारे कापून काढली आहेत. सुहासने पाण्यात लिहायच्या पाटीवर लिहून दाखवले, तसे ठरले होते: तो पुढे, अनघा त्याच्या मागे, या दाराने आत आणि पलीकडच्या दाराने बाहेर. मी अलीकडच्या दाराशी थांबायचे. दोघे बाहेर आले की मग माझी पाळी.

म्हणजे जे काम मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले, तेच माझ्याकडे आले होते.

आणि मी ती जागा सोडली. का सोडली ते पुढे सांगतो, कारण ते मी अनघालाही बरेच दिवस सांगितले नव्हते. मागे वळलो तेव्हा जहाज दिसेना. सगळीकडे तोच हिरवा रंग. सोबती दिसेनासा झाला तर थोडा शोध घ्यायचा आणि सापडला नाही तर सावकाश वर यायचे, असा नियम आहे. मी तसा आलो. बोटीपासून बराच दूर निघालो. गणूदादांनी बोट आणून मला वर ओढले. मी कठड्यावरून वाकून ओकलो आणि म्हणालो, "माझी मुलगी आत आहे. दाराशी कोणी नाही."

गणूदादा पाण्याकडे बघत म्हणाले, "बुडबुडे दिसतत ना? मगे कित्याक घाबरतास? तीन जाग्यार येतत. तिघांचे..."

एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा पाण्याकडे. बुडबुड्यांच्या तीन रांगा मीही पाहिल्या. दोन एकमेकींना लगटून, एक जरा पुढे.

काही वेळाने सुहास आणि अनघा वर आले. अनघाने तोंडातली नळी काढली आणि मला बोटीत बसलेला पाहून हसत सुटली.

"बाबा! तू माझ्या आधी कसा पोचलास? आता तर खाली होतास!"

झाले होते असे. आत शिरल्यावर जुन्या जाळ्याचा एक तुकडा तिच्या पायाच्या पंख्यात अडकला. सुहास पुढे निघून गेला होता. तिने पाय झटकला तसा गाळ उठला आणि काही दिसेना. ती घाबरली. श्वास जोरात चालू झाला. तेवढ्यात मागून, म्हणजे मी जिथे असायला हवा होतो त्या दारातून, कोणीतरी आले, तिचे मनगट धरले आणि ती शांत होईपर्यंत धरूनच ठेवले. मग दुसऱ्या हाताने जाळे सोडवले. तिला पलीकडच्या दाराबाहेर काढले. बाहेर सुहासने वळून 'ठीक आहे का' अशी खूण केली, तेव्हा दोघांनीही उत्तर दिले.

"कोणती खूण दिली मी?" मी विचारले.

"ओकेची. एकदम बरोबर," सुहास म्हणाला. "मला तर आश्चर्यच वाटलं. तुमच्या सरांनी फोनवर सांगितलेलं, काका अंगठा दाखवतात म्हणून. मग वर येताना तुम्ही माझ्या मागेच होतात, वळून बघतो तर नाही."

"मी इथे होतो. गणूदादांना विचारा."

गणूदादा म्हणाले, "ते कधीचे हंयच आसत. ओकत होते."

सुहास हसला. "काका, पाण्यात वेळ कळत नाही. सगळ्यांचं तसंच होतं."

आणि इथून माझा छळ सुरू झाला.

परतीच्या गाडीत अनघाने हकिगत आईला फोनवर सांगितली. बडोद्याला पोचेपर्यंत ती माझ्या धाकट्या भावाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली होती, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मी लिहिले, "तो मी नव्हतो." भावाने उत्तर दिले, "दादाचा विनय!" मी लिहिले, "विनय नाही, वस्तुस्थिती आहे." त्यावर त्याच्या बायकोने फुले पाठवली.

पत्नीला समोर बसवून सांगितले. नीला शांतपणे ऐकून म्हणाली, "अहो, पोर वाचली ना? मग पुरे झालं. तुम्हाला काय, वाचवलं म्हणूनसुद्धा खेद वाटतो का?"

"मी वाचवलं नाही, नीला."

"बरं, नाही वाचवलं. जेवायला चला."

कारखान्यात पटेलभाईंना सांगितले. ते माझ्यापेक्षा ज्येष्ठ, विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी डोळे मिटले. "साहेब, ए तो माताजीनी कृपा कहेवाय. एमां विचारवानुं ना होय." म्हणजे विचारही करायचा नाही! मग मी करू तरी काय? मी एखाद्या अपघाताची चौकशी करतो तेव्हा साक्षीदार घाबरून खोटे बोलतात, मला त्याची सवय आहे. इथे सगळे साक्षीदार प्रामाणिक होते, आणि आरोपी कबुली देत असताना त्याला हारतुरे घालत होते.

हे सगळे मी सहन केले असते. पण अनघाने पुढच्या कोर्ससाठी आम्हा दोघांची नावे दिली. या कोर्समध्ये जहाजाच्या खालच्या भागात, जिथे दिवसाही दिवा लागतो तिथे, जोडीने जातात. जोडीदार म्हणून तिने माझे नाव घातले. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "बाबा दाराशी असल्यावर मला कसली भीती?"

ही मुलगी ज्या माणसाच्या भरवशावर पुन्हा आत जाणार होती, तो माणूस तिथे नव्हताच.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधीच्या रविवारी आम्ही दोघे उंधियूची भाजी आणायला खंडेराव मार्केटमध्ये गेलो होतो. ती पापडी निवडत होती. मी पुन्हा विषय काढला.

"बाबा, प्लीज. गाळ उठला, तुला जहाज दिसेना, मग दिसलं, तू आत आलास. एवढंच. धक्क्यामुळे तू विसरलास."

"गाळ नंतर उठला. मी त्याआधीच गेलो होतो."

"कुठे?"

"कासव आलं होतं."

तिचे हात थांबले.

"मोठं होतं," मी म्हणालो. "अगदी जवळून गेलं. मी आजवर समुद्रात कासव पाहिलं नव्हतं. वाटलं, जरा बघून येऊ. त्याच्या मागे गेलो. वळलो तेव्हा जहाज नव्हतं."

"कासव," ती म्हणाली.

"हो."

"मी आत असताना?"

"हो."

"बेन, पापडी लेवी छे के नथी लेवी?" भाजीवालीने विचारले. अनघाने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यावर रागावत होते, आणि मला, खरे सांगतो, हायसे वाटले.

"मी तिथे अडकले होते, बाबा. मला श्वास घेता येत नव्हता. आणि तू कासव बघायला गेलास?"

"हो. माझं चुकलं. फार मोठं चुकलं."

तिने पापडी तशीच ठेवली आणि चालू लागली. फाटकाबाहेर स्कूटरपाशी मी तिला गाठले. तिचा विश्वास बसला होता. कासवासारखी क्षुल्लक गोष्ट कोणी स्वतःबद्दल रचून सांगत नाही, एवढे ती मला ओळखते. तिने हेल्मेट घातले, पुन्हा काढले.

"जोडीदार मी बदलते."

"बदल. तेच सांगतोय."

"मग माझं मनगट कोणी धरलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही काय? सेफ्टी ऑफिसर ना तू? चौकशी कर की."

केली आहे. दुसऱ्या बोटीतला कोणी असावा, तर त्या सकाळी तिथे दुसरी बोट नव्हती. घाबरल्यामुळे तिला भास झाला म्हणावे, तर न घाबरलेल्या सुहासलाही तो झाला. तिसरी रांग जहाजात अडकलेल्या हवेची असेल म्हणावे, तर अडकलेली हवा माणसामागे फिरत नाही. आणि जाळे सोडवणारा, मनगट धरणारा, खूणही अचूक करणारा तो जो कोणी होता, त्याने मी जे करायला हवे होते ते सगळे केले, माझ्यापेक्षा चांगले केले, आणि श्रेय माझ्या गळ्यात टाकून निघून गेला. यावर माणसाने चिडायचे नाही तर काय करायचे?

अनघा काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. आता बरी आहे. पुढच्या महिन्यात ती पुन्हा जाते आहे. जोडीला ऑफिसमधली मैत्रीण आहे, वयाने लहान पण जागेवरून न हलणारी. मलाही बरोबर नेणार आहे, पण बोटीतच. काल बॅग भरताना म्हणाली, "तू वरच बसायचं. खाली काहीही दिसलं तरी."

मी हो म्हणालो.

मी बोटीत बसेन आणि बुडबुडे मोजेन. रांगा दोनच असायला हव्यात. दोन असल्या की सगळे नियमाप्रमाणे आहे, आणि माझा नियमांवर विश्वास आहे. तरीही तिसरी दिसावी असे मला मनातून वाटते आहे. असे वाटणाऱ्या माणसाला मी आमच्या कारखान्यात कोणत्याही मॅनहोलपाशी उभे केले नसते.